जादूच्या शाळेतील वेठबिगार

जादूटोणा आणि मंत्रतंत्र यांना आमचा विरोध आहे व राहील. परंतु त्या कारणाने मुलांच्या हातातील हॅरी पॉटर काढून घ्यावा, हे मत आम्हाला मान्य नाही. जे. के. रोलिंग यांच्या या सात कादंबऱ्या (1997 ते 2007) मराठीतही वाचल्या जातात. त्यांतील जादू क्षणभर बाजूला ठेवली, तर उरतो तो समाजव्यवस्थेचा प्रश्न!

जिन्याखालच्या कपाटात वाढलेला अनाथ हॅरी अकराव्या वर्षी हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत जातो. तिथे त्याला काय दिसते? जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था. हर्मायनीचे आईवडील साधे दंतवैद्य. ती वर्गात सर्वांत हुशार. तरीही ड्रेको मॅल्फॉय तिचे रक्त घाणेरडे ठरवितो. शेवटच्या भागात तर सरकारच आयोग नेमते आणि अशा मुलामाणसांना तुम्ही जादू कोणाकडून चोरली, असा जाब विचारते. विद्येची मक्तेदारी ज्यांच्याकडे असते, ते इतरांच्या विद्येला चोरीच म्हणणार. आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

याच शाळेच्या स्वयंपाकघरात शंभराहून अधिक एल्फ राबतात. मजुरी नाही, रजा नाही. मालक मेला की एल्फ वारसाहक्काने पुढच्या मालकाकडे जातो. आमच्या संविधानाच्या 23 व्या कलमाने जिला मनाई केली, ती वेठबिगारी हीच. चौथ्या भागात हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते आणि मित्र तिची टिंगल करतात. पुढे ती एल्फांना न विचारता, ते मुक्त व्हावेत म्हणून विणलेल्या टोप्या लपवून ठेवते. एल्फ संतापतात आणि त्या खोल्या झाडायचे नाकारतात. ज्यांची मुक्ती करावयाची त्यांना विचारले नाही, की असेच होते. गुलामीची जाणीव गुलामाच्या मनात जागी व्हावी लागते. ती बाहेरून टोपीसारखी चढविता येत नाही.

मग शील कुठे घडते? डॉबी हा मुक्त झालेला एल्फ हॅरीला वाचविताना मरण पावतो. हॅरी त्याची कबर जादूने खणत नाही. फावडे घेऊन स्वतःच्या हातांनी, घाम गाळून खणतो. राबणाऱ्याच्या मरणाला श्रमाने दिलेला हा मान, हाच आमच्या मते सातही भागांतील सर्वांत मोठा पराक्रम आहे.

पण लढाई जिंकल्यावर तोच हॅरी, आपला क्रीचर हा एल्फ सँडविच आणून देईल काय, असा विचार करतो! खलनायक मेला, गुलामी मात्र शाबूत राहिली. लेखिकेने हा प्रश्न सोडविला नाही.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे : पुस्तक जरूर द्या. मुलाचे वाचून झाले की एवढेच विचारा, ते सँडविच कोणी बनविले आणि त्याला मजुरी कोण देणार? हा प्रश्न पडू लागला, की मूल खरोखर मोठे झाले असे समजावे.