औषधाआधी निदान पोहोचावे

कर्करोगावरील महागड्या औषधांच्या करात केंद्र सरकारने टप्प्याटप्प्याने सवलत दिली आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तीन औषधांवरील सीमाशुल्क रद्द झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने त्याच तीन औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने आणखी ३३ जीवरक्षक औषधांवरील कर पूर्णपणे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. या याद्यांतील ऑसिमर्टिनिब, ड्युर्व्हालुमॅब, अलेक्टिनिब आणि अटेझोलिझुमॅब ही औषधे फुफ्फुसाच्या कर्करोगावर वापरली जातात. निर्णय स्वागतार्ह आहेत. तथापि ज्या रुग्णासाठी ही सवलत आहे, तो त्या औषधापर्यंत वेळेत पोहोचतो काय, या प्रश्नाची चर्चा मात्र फारशी झालेली नाही.

या औषधांचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दोन दशकांपूर्वी हा कर्करोग पसरलेल्या अवस्थेत आढळला, तर बहुतेक रुग्णांना सारख्याच केमोथेरपीखेरीज फारसा पर्याय नसे. २००४ मध्ये संशोधकांच्या ध्यानात आले की, काही रुग्णांच्या गाठीत ‘ईजीएफआर’ या जनुकात विशिष्ट बदल असतो आणि त्या बदलावर नेमका घाव घालणारे औषध त्यांना चांगले लागू पडते. तेथून या रोगाची विभागणी जनुकीय बदलांनुसार होऊ लागली. ‘एएलके’ हा असाच दुसरा बदल. तो असलेल्या रुग्णांवरील एका जागतिक चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. लॉरलॅटिनिब घेणाऱ्या ६० टक्के रुग्णांचा रोग पाच वर्षांनंतरही पुढे सरकलेला नव्हता. आधीच्या पिढीचे क्रायझॉटिनिब घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगात असे आकडे पूर्वी कल्पनेपलीकडचे होते.

रोग लवकर सापडला, तर लाभ अधिक मोठा असतो. ‘ईजीएफआर’ बदल असलेल्या आणि शस्त्रक्रियेने गाठ काढलेल्या रुग्णांना पुढे ऑसिमर्टिनिब दिले असता पाच वर्षांनी ८८ टक्के रुग्ण हयात होते; ते न मिळालेल्या गटात ७८ टक्के. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या या निष्कर्षाला दोन अटी आहेत. गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्याच्या अवस्थेत सापडली पाहिजे आणि तिची जनुकीय तपासणी झाली पाहिजे. आपल्याकडे गाडे अडते ते या दोन अटींपाशी.

जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे इतके जवळ असणे, हाच उशिरा होणाऱ्या निदानाचा पुरावा आहे. त्यामागे एक कारण खास आपल्या भूमीतले आहे. दीर्घकाळचा खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त आणि क्ष-किरण चित्रातील छाया ही लक्षणे क्षयाची आणि कर्करोगाचीही. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात डॉक्टरांच्या मनात आधी क्षय येणे स्वाभाविक आहे. परंतु थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही केवळ छायेवरून क्षयाची औषधे सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. रुग्ण धूम्रपान न करणारी स्त्री असेल, तर कर्करोगाची शंका आणखी उशिरा येते. वास्तविक ‘ईजीएफआर’ बदल धूम्रपान न करणाऱ्यांतच अधिक आढळतो.

दुसरी अडचण तपासणीची. बायोप्सीत मिळालेला ऊतीचा तुकडा अपुरा असेल, चाचणीचा खर्च परवडत नसेल किंवा अहवालाची वाट पाहण्याइतका धीर कुटुंबाला नसेल, तर केमोथेरपी सुरू होते आणि जनुकीय चाचणी मागे पडते. करमुक्त झालेले औषध दुकानात असूनही आपण त्यास पात्र होतो, हे अशा रुग्णाला कळतच नाही.

आपल्या परिस्थितीचा विचार करून संशोधन करता येते, हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दाखवून दिले आहे. तेथील डॉक्टरांनी ‘ईजीएफआर’ बदल असलेल्या ३५० रुग्णांवर चाचणी घेतली. एका गटास केवळ गेफिटिनिब हे तुलनेने स्वस्त औषध दिले, दुसऱ्यास त्याच्या जोडीला नेहमीची केमोथेरपी. रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ऑसिमर्टिनिब आणि केमोथेरपी यांच्या जोडीनेही आयुर्मान वाढते, असे एका जागतिक चाचणीत २०२५ मध्ये दिसून आले. नव्या औषधाची किंमत आवाक्यात येण्याची वाट न पाहता जुन्या औषधांतून अधिक लाभ काढता येतो, हा या संशोधनाचा धडा आहे.

लवकर निदानासाठी पाश्चात्त्य देशांनी दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांची कमी किरणोत्सर्गाच्या सीटी स्कॅनने तपासणी करण्याचा मार्ग निवडला. अमेरिकेतील ५३ हजारांहून अधिक व्यक्तींवरील चाचणीत या पद्धतीने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये सिद्ध झाले. तोच साचा येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. जुन्या क्षयाचे व्रण स्कॅनमध्ये संशयास्पद दिसतात आणि धूम्रपान न करणारे रुग्ण या चाळणीतून सुटतात.

गोव्यापुरता विचार केला, तर साधने हाताशी आहेत. सरकारी आरोग्य केंद्रांतील क्ष-किरण चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वाचून संशयास्पद गाठी हेरण्याचा उपक्रम राज्याने हाती घेतला आहे. क्षयाचे जंतू ओळखणारी ट्रूनॅट चाचणी तर गोव्यातीलच कंपनीची. या दोहोंची सांगड घालून एक साधा नियम करता येईल. छाया दिसली आणि जंतू सापडले नाहीत, तर रुग्णाला क्षयाच्या औषधांवर न ठेवता थेट सीटी स्कॅनसाठी पाठवावे. बायोप्सीत कर्करोग निघाल्यास जनुकीय चाचणी हा उपचाराचाच भाग मानून तिचा खर्च दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून व्हावा. विमा योजनांचा मूळ साचा रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. घरी राहून वर्षानुवर्षे रोज गोळी घेणाऱ्याची सोय त्यात नव्याने करावी लागेल.

बांबोळीच्या गोमेकॉवर केवळ गोमंतकीयच नव्हे, तर सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवारकडील रुग्णही विसंबून असतात. त्यांपैकी अनेकांचा पहिला डॉक्टर गावातलाच असतो आणि कर्करोगाची शंका सर्वप्रथम त्याला यायला हवी. त्या डॉक्टरला कोणता रुग्ण, किती दिवसांत आणि कोठे पाठवायचा हे लेखी कळवणे, ही आरोग्य खात्याला फारशा खर्चाविना करता येण्याजोगी गोष्ट आहे. करमाफीचा लाभ रुग्णाच्या पदरात पडण्यासाठी तिची सुरुवात तेथूनच व्हावी.