जर्सी बदलून भागीदारी होत नाही हो!

एकाच शहरातल्या दोन वेगळ्या खेळांच्या क्लबांची 'भागीदारी' म्हणजे आपल्याकडे काय? कप्तानांनी एकमेकांच्या जर्सी घालायच्या, फोटो काढायचा, संपलं. ह्याला भागीदारी म्हणायचं तर आमच्या ऑफिसातल्या सीक्रेट सांटालाही मर्जर म्हणूया की!

आपल्या पुण्याचंच बघा. पुणे वॉरियर्स २०११ ला आली, २०१३ ला गेली. रायझिंग पुणे २०१६ आणि २०१७, दोनच मोसम (आणि ती एका रनाने हरलेली फायनल... असो). एफसी पुणे सिटी २०१४ ला सुरू झाली आणि २०१९ ला फ्रँचायझी थेट हैदराबादला. पुणेकराच्या कपाटात जिवंत टीमपेक्षा मेलेल्या टीमचे टी-शर्टच जास्त.

भागीदारी असती तर ह्या टीम वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही. रायझिंग पुणेचा करारच मुळी दोन वर्षांचा होता. पण प्रेक्षक वाचला असता ना राव! टीम गेली की तिने जमवलेली माणसंही पांगतात. पुढची टीम पुन्हा शून्यापासून ढोल बडवायला मोकळी. आणि पुणेरी पलटण तर २०१४ पासून इथेच आहे. फुटबॉलवाले बालेवाडीत खेळायचे, त्याच संकुलात कबड्डीही व्हायची. फुटबॉलचा अनाथ प्रेक्षक कबड्डीच्या हॉलपर्यंत न्यायला असं कितीसं अंतर होतं?

आता लोक म्हणणार, मालक वेगळे, लीग वेगळ्या, कसं जमणार? इंग्लंडात लीड्सला जा. हेडिंग्लेला यॉर्कशरचं क्रिकेट आणि लीड्स ऱ्हायनोजचं रग्बी पाठीला पाठ लावून चालतं. मधला स्टँड एकच, एका बाजूने क्रिकेट बघा, दुसऱ्या बाजूने रग्बी. तो जुना झाला तेव्हा पाडून २०१९ मध्ये नवा उभा केला, तोही सामाईकच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टोक्सने नाबाद १३५ ठोकले ते ह्याच मैदानावर. दोन्ही क्लबांचे मालक वेगळे, खेळ वेगळे, तरी वीट सामाईक आहे.

आपल्याला स्टँड नको, पास तरी द्या. २०२४ ला पलटणने प्रो कबड्डी जिंकली (तीही हैदराबादलाच, काय योग!). २०२३ पासून एमपीएलमध्ये पुणेरी बाप्पा आहे. एकाच पासवर गहुंजेचं क्रिकेट आणि पलटणची मॅच, सोबत स्वारगेटहून एक बस. दोन याद्या जोडायचं काम आमच्याकडे नवीन ट्रेनीसुद्धा करतो. फोटो मग निवांत काढा.