आमच्या माघारी त्याचं काय?

मंडळी, आज राजकारण नाही. घरातला विषय आहे.

बदलापूर पूर्वेला ओळखीच्या एक काकू आहेत, पंचाहत्तरीच्या. मुलगा चाळिशीचा, बौद्धिक दिव्यांग. काका गेल्यावर मुलाच्या खात्यासाठी काकू बँकेत गेल्या. उत्तर मिळालं, "मुलगा सज्ञान आहे. पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा." काकू मला विचारतात, "अरे, मी आई आहे ना त्याची?"

खरं सांगतो, इतकी वर्षं बातम्या लिहून मलाही नीट माहीत नव्हतं. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. त्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते.

यात एक गोष्ट फार मोलाची आहे. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करतात, पण पालक म्हणून नाव त्यांच्या पसंतीच्या माणसाचं देता येतं. तो रक्ताचाच हवा असं नाही.

रक्ताचं नातं नसताना माणूस किती करू शकतो, हे आपण केईएममध्ये पाहिलंय. अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 पर्यंत तिथल्या परिचारिकांनी सांभाळलं. त्यांच्या वतीनं बोलायचा हक्क त्या कर्मचाऱ्यांचाच, असं 2011 साली सर्वोच्च न्यायालयानंही मानलं.

आता कोणी म्हणेल, बाहेरच्या माणसानं फ्लॅट लाटला तर? भीती रास्त आहे. उल्हासनगरात तर धोकादायक इमारती आणि पुनर्विकासाच्या सह्या रोजच्याच. आणि लाटणारे बहुतेक वेळा घरचेच निघतात, हेही आपण जाणतो. म्हणून तर कायद्यात हिशेब आहे. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, मग दरवर्षी जमाखर्च. दुर्लक्ष किंवा अफरातफर केली तर पालकाला काढता येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आणखी एक बजावलंय : निर्णय त्या व्यक्तीला सोबत घेऊन, तिची इच्छा विचारून करायचे. पालक म्हणजे मालक नव्हे.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. एक, या अर्जांसाठी अंबरनाथ आणि उल्हासनगर तहसील कार्यालयात ठरावीक दिवशी शिबिरं घ्या. पंचाहत्तरीच्या बाईनं मुलाचा हात धरून लोकलच्या गर्दीत ठाणे गाठायचं, हे बरं दिसत नाही. दुसरं, निवृत्त शिक्षक, बँकवाले, नर्स यांनी पुढं यावं. आपण ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर रोज देश चालवतो, एका माणसाचा जमाखर्चही चालवू शकतो.

काकूंचा अर्ज भरतोय. स्वतःचं नाव त्यांनी घातलंय. "माझ्यानंतर कोण?" असं विचारून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी मी विषय बदलला. उद्या जाऊन हो म्हणणार आहे.

तुमच्या इमारतीतही अशा एखाद्या काकू असतील. एकदा दार वाजवून बघा.