चिठ्ठीशिवाय आणलेली बाटली

गेल्या उन्हाळ्यात माझ्या आठ महिन्यांच्या भाचीला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही. आपा म्हणाली, मागच्या वेळचंच औषध आण. मी मेडिकलमधून अँटिबायोटिकची बाटली आणली. चिठ्ठी त्यांनी मागितली नाही, मी दाखवली नाही. तीन दिवस पाजलं. पॅरासिटामॉलने ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी लघवीची कल्चर तपासणी सांगितली. ई. कोलाय हा जंतू निघाला आणि आम्ही पाजलेल्या औषधापुढे ‘रेझिस्टंट’ लिहिलेलं होतं. म्हणजे त्या जंतूवर ते औषध चालतच नाही. पोरीला दवाखान्यात ठेवून शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागली. अल्लाहच्या कृपेने ती बरी आहे. पण बाटली मीच आणली होती.

तान्ह्या बाळाला ‘लघवीला जळजळ होते’ असं सांगता येत नाही. कारण न कळणारा ताप, उलट्या, दूध न पिणं एवढीच खूण असते. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आणि उपचार लांबले, तर तिथे कायमचा व्रण राहू शकतो. म्हणूनच चुकीच्या औषधात गेलेले दिवस महाग पडतात.

२०१६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ देशांतील अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. मुलांच्या मूत्रसंसर्गातील ई. कोलायपैकी सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणाऱ्या जंतूंचं प्रमाण ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटात सुमारे २ टक्के होतं, तर गटाबाहेरच्या देशांत जवळपास २७ टक्के. चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं हे त्यामागचं एक कारण असू शकतं, असं संशोधकांनी म्हटलं. ज्या मुलाला अँटिबायोटिक दिलं गेलं, त्याच्या शरीरात असे जंतू सापडण्याची शक्यता पुढे सहा महिन्यांपर्यंत जास्त राहते, हेही त्यात दिसलं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. त्यातली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, डॉक्टर आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. लहान मुलांना सर्रास दिलं जाणारं सेफिक्झाइमही या यादीत आहे. पण आपल्या मोहल्ल्यात ही वही किती जणांनी पाहिली आहे?

आजारी पडलात तर दवा करा, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आहे. दवा करणं म्हणजे अंदाजाने बाटली उघडणं नव्हे. अँटिबायोटिक ही अमानत आहे. मी आज ते वाया घालवलं, तर उद्या शेजारच्या बाळाला ते उपयोगी पडणार नाही.

घरात औषध आणायला बहुधा आपणच जातो, म्हणून सुरुवात आपल्यापासून. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागू नका. लहान मुलाला कारण न कळणारा ताप असेल तर डॉक्टरांना विचारा, ‘पहिल्या डोसाआधी लघवी तपासायची का?’ सांगितलेले दिवस औषध पूर्ण द्या. उरलेलं दुसऱ्या मुलाला पाजू नका.

आणि घराबाहेरही बोला. शाळेतली घाण संडासं टाळण्यासाठी आपल्या बहिणी दिवसभर लघवी दाबून ठेवतात, पाणी पीत नाहीत. त्यातूनही संसर्ग होतो. पाकीला अर्धा ईमान मानणाऱ्या समाजाने मुलींसाठी स्वच्छ संडास आणि पालिकेच्या दवाखान्यात कल्चरची सोय मागायला नको का? पुढच्या वॉर्डसभेत हे दोन अर्ज आपण देऊ या.