खुर्चीआधी दार मोजा

कळंबोलीच्या शेतांवर सिडकोची वसाहत उभी राहिली. पण जुन्या घराचा उंचच उंच उंबरा जिथे आहे, तिथे तो थकलेल्या पायांना अडवतोच. मग मुले चाकाची खुर्ची घेऊन येतात, नि ती दारातच अडकते! आधी दार मोजा. चाक फिरवणाऱ्या हातालाही जागा लागते. सहा इंच उंबऱ्याला सहा फूट उतार हवा. खळ्याच्या मातीत पुढची लहान चाके रुततात, हेही ध्यानात असू द्या.

आजोबा चार पावले टाकत असतील तर त्यांनाच विचारा. कदाचित काठीच पुरेल. ती मनगटाइतकी उंच, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे सल्ला मिळतो. गरीब वृद्धांसाठी २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. काठी, कुबडी, खुर्ची त्यातून मोफत मिळते. ग्रामपंचायतीत वा पालिकेत शिबिराची चौकशी करावी, आणि दाराचे माप सोबत न्यावे.