एकशे साठ चौरस फुटांतला थाट

वरळीच्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. १९२०च्या दशकातल्या या खोल्यांकडे इंटिरियर डिझायनर कधी फिरकला नाही, पण जागेचा हिशेब तिथल्या बायकांइतका पक्का कुणाचाच नसेल. लोखंडी कॉटच्या पायांखाली विटा घालून ती वीतभर उचलली, की खाली ट्रंका, पाहुण्यांच्या गाद्या, तांदळाचा डबा, सगळं मावतं. पुढून झालरीचा पडदा सोडला, की काम झालं. भिंतीला लगटून वरच्या अंगाला फळी, तिच्यावर चिंचेनं लख्ख घासलेले पितळी डबे. शोभेसाठी वेगळं काही आणायची गरजच नव्हती.

आता तिथेच ५०० चौरस फुटांचे फ्लॅट मिळू लागलेत. वरळीत पहिल्या किल्ल्या २०२५मध्ये दिल्या गेल्या. आनंदच आहे. (घरात स्वतःचा संडास असण्याचं सुख चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी कमी लेखू नये.) पण नव्या घरात आधी शिरतो तो एल आकाराचा सोफा, आणि मग बाल्कनीचं दार अर्धंच उघडतं. दुसरी हौस फॉल्स सीलिंगची. मुळात उंची जेमतेम, त्यातलाही अर्धा फूट दिव्यांना द्यायचा!

म्हणून या अंकात खरेदीपेक्षा सुताराशी बोलणं कसं करावं, याला जास्त पानं दिली आहेत. भिंतीला मिटणारं टेबल जरूर करून घ्या. प्लायवूडमध्ये थोडी काटकसर चालेल, बिजागऱ्यांत नको.