मेलला दुसरं कुलूप

रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून एक नियम लागू केला. ऑनलाइन खरेदीच्या वेळी कार्डावर छापलेली माहिती पुरेशी धरायची नाही, कार्डावर न दिसणारी आणखी एक गोष्ट ग्राहकाकडून मागायची. आज आपण सवयीने ओटीपी टाकतो, त्याच्या मुळाशी हा नियम आहे. यूपीआयमध्येही नोंदवलेला फोन आणि सिम हा एक पुरावा असतो, पिन हा दुसरा. सक्ती होती म्हणून ही शिस्त घरोघर रुजली.

ई-मेलसाठी अशी सक्ती कुणी केली नाही. तिथे पुष्कळ जण अजून एकट्या पासवर्डच्या भरवशावर आहेत आणि मला याची मनापासून काळजी वाटते. कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या मेलमध्येच असतात. कुठल्याही साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबलं की नवा पासवर्ड लावायची लिंक बहुतेक वेळा मेलवरच येते. शिवाय पॅनकार्डाची प्रत, विम्याच्या पावत्या, म्युच्युअल फंडांची विवरणपत्रं, मुलांच्या गुणपत्रिका, वर्षानुवर्षांचे फोटो, सगळं त्याच खात्याला जोडलेलं. मेल ज्याच्या हाती गेला, त्याला बाकीची दारं एकेक करून उघडता येतात.

पासवर्डची अडचण अशी की तो चोरीला गेला तरी आपल्यापाशी असतोच. पाकीट गेलं तर खिसा रिकामा लागतो, पासवर्ड गेल्याचं मात्र कळतही नाही. एखाद्या खरेदीच्या साइटवरून तो फुटला आणि तोच आपण मेललाही लावलेला असला, तर चोराला डोकं चालवावंच लागत नाही. फुटलेल्या याद्या घेऊन यंत्रं रात्रंदिवस इतर साइटवर तेच पासवर्ड लावून बघत असतात. म्हणून दुसरा पुरावा हवा, तोही आपल्या हातात असलेल्या वस्तूचा. परगावी बसलेल्या चोराला पासवर्ड कळू शकतो, पण आपला फोन त्याच्या हाती नसतो.

हा दुसरा पुरावा अनेक प्रकारे देता येतो. सर्वांत ओळखीचा म्हणजे एसएमएसवर येणारा कोड. गुगलने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कोडने यंत्रांनी केलेले सगळे हल्ले अडवले, सरसकट पाठवलेल्या फसव्या मेलमधून झालेले ९६ टक्के अडवले आणि एखाद्याला हेरून केलेले ७६ टक्के. म्हणजे काहीच नसण्यापेक्षा एसएमएस कितीतरी बरा. पण त्याचा सगळा भार मोबाइल नंबरवर असतो आणि नंबर हातचा जाऊ शकतो. खोटी कागदपत्रं देऊन तुमच्याच नंबरचं नवं सिम काढण्याचे प्रकार होतात. दुसरा धोका अधिक साधा आहे. रिचार्ज न झाल्याने बंद पडलेला नंबर ९० दिवसांच्या मुदतीनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. आईबाबांचा जुना नंबर असाच सुटला असेल आणि मेलला अजून तोच जोडलेला असेल, तर त्यांचा ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर जाईल. मेलमधला नंबर आजच तपासा.

याहून भक्कम मार्ग म्हणजे ऑथेंटिकेटर अ‍ॅप. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त आकडा फोनमध्ये साठवला जातो आणि तोच सेवा देणाऱ्या कंपनीकडेही असतो. पुढे दोन्ही बाजू तो आकडा आणि घड्याळातली वेळ यांवरून दर ३० सेकंदांनी सहा अंकांचा नवा कोड काढतात. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, मोबाइलची रेंजही लागत नाही. फोनचं घड्याळ तेवढं बरोबर हवं. मात्र हुबेहूब नकली पानावर कोणताही कोड टाकला तर तो चोराला मिळतोच. पासकी, म्हणजे पासवर्ड न टाकता फोनच्या लॉकनेच खात्यात शिरण्याची सोय, या बाबतीत सरस आहे, कारण ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि नकली पानावर चालतच नाही.

पुष्कळ जण कचरतात ते दुसऱ्याच भीतीने: फोन हरवला तर आपणच बाहेर राहिलो तर? ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे. गुगल आठ अंकांचे दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापा किंवा वहीत सुवाच्य अक्षरात उतरवा आणि घराची कागदपत्रं असतात त्या फाइलमध्ये ठेवा. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवला तर फोनबरोबर तोही जाईल. फाइल कुठे आहे, हे घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या.

मेल झाला की व्हॉट्सअ‍ॅप. ‘चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, तेवढा सांगा’ असा निरोप ओळखीच्या नावाने येतो, आपण कोड सांगतो आणि आपलं खातं दुसऱ्याच्या फोनवर सुरू होतं. मग आपल्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट’मध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू केलं आणि सहा अंकी पिन लावला, तर नुसत्या त्या कोडवर चोराचं भागत नाही. पिन विसरण्याची भीती असेल, तर तिथेच आपला मेलही जोडून ठेवा.

माझी विनंती विशेषतः ज्यांचे आईवडील गावी एकटे राहतात त्यांना आहे, मग तुम्ही पुण्यात असा किंवा न्यू जर्सीत. पुढच्या भेटीत हे काम करा, पण त्यांचा फोन स्वतःच्या हातात घेऊन झटपट उरकू नका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि प्रत्येक पायरी त्यांच्याकडून करून घ्या. कोड कशासाठी येतो हे ज्यांना उमगलं आहे, ते तो फोनवर कुणाला वाचून दाखवणार नाहीत. आणि तरीही पैसे गेलेच, तर त्यांना रागावू नका. लाजेपोटी गप्प बसण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात पैसे दहा खात्यांत फिरतात. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करूनच परत निघा.